एकच बॅग सगळीकडे चालेल का? आधी सायकलला कॅरिअर बसतो का ते बघ!

प्रश्न : ताई, मी कोथरूड डेपोजवळ राहते, ऑफिस बाणेरला. आठवड्यातले दोन-तीन दिवस सायकलनी जाते (हायब्रिड आहे, म्हणजे रोड आणि माउंटन सायकलच्या मधली, डिस्क ब्रेकवाली, कॅरिअर नाहीये), बाकीचे दिवस बस. अधूनमधून एसटीनी साताऱ्याला घरी जाणं असतं आणि कधीतरी ऑफिसच्या कामाला विमानानी बंगळुरू. सध्या कंपनीनी दिलेली लॅपटॉपची सॅक वापरते, पण ऑफिसात पोचेपर्यंत पाठ चिंब आणि खांदे भरून आलेले. गेल्या पावसाळ्यात चार्जर आणि डायरी दोन्ही भिजलं. बजेट ५,००० रुपये. मला एकच बॅग हवीये जी सायकल, ऑफिस, प्रवास तिन्हीला चालेल आणि वॉटरप्रूफ असेल. इन्स्टावर ती अँटी-थेफ्ट, यूएसबी पोर्टवाली बॅग सारखी दिसते, ती घेऊ का? मैत्रीण म्हणते मेसेंजर बॅग घे, मस्त दिसते. — खांदे दुखलेली, कोथरूड

उत्तर :

अगं, तू पत्रात बॅगेबद्दल सगळं लिहिलंयस आणि खरी गोष्ट कंसात टाकून मोकळी झालीयेस, ती म्हणजे "कॅरिअर नाहीये". तुझ्या ५,००० मधले पहिले पैसे कॅरिअरला आणि मागच्या मडगार्डला जाऊ देत, उरलेले बॅगेला. कितीही भारी सॅक घेतलीस, जाळीची पाठ, फोमचे पट्टे, काय वाट्टेल ते, तरी चांदणी चौकाचा चढ चढताना पाच-सहा किलो ओझं पाठीवर असेल तर घाम येणारच आणि खांदे दुखणारच. हायब्रिडवर आपण थोडे पुढे वाकलेले असतो ना, त्यामुळे पाठीवरचं वजन नुसतं खांद्यांवर राहत नाही, ते मनगटांवर आणि तळहातांवर पण उतरतं, म्हणून बऱ्याच जणांना हात बधिर व्हायचा त्रास होतो आणि ते बिचारे ग्रिप बदलत बसतात.

बरं, बॅग घ्यायच्या आधी एक फुकटचं काम कर. तुझी आत्ताची सॅक पलंगावर पालथी कर आणि काय काय निघतंय बघ. मी अंदाजानी सांगते, लॅपटॉप दीड किलोच्या आसपास, चार्जर तीन-चारशे ग्रॅम, भरलेला स्टीलचा डबा पाऊण ते एक किलो, लिटरभर पाण्याची बाटली म्हणजे बाटली सोडून नुसतं पाणीच एक किलो, बदलायचे कपडे आणि चपला मिळून जवळपास किलोभर, आणि सायकलचं कुलूप, जे चांगलं असेल तर तेही किलोच्या पुढे. झाले की नाही सहा किलो! आता यातलं कुलूप ऑफिसच्या पार्किंगमध्येच लटकवून ठेवता येतं, घरी-येताजाता वाहायची काही गरज नाही (वाटेत थांबायची सवय असेल तर एक हलकी केबल सोबत असू दे). पाण्याची बाटली सायकलच्या फ्रेमवर जाते, बॉटल केज नावाची ती छोटी जाळी असते, शंभर-दोनशे रुपयांपासून मिळते आणि दोन स्क्रूनी बसते. दुसरा चार्जर ऑफिसात मागून घे, आयटीवाले कुरकुर करतात पण देतात. कपडे तू बसनी जातेस त्या दिवशी दोन जोड घेऊन जा आणि ड्रॉवरमध्ये ठेव. एवढं केलंस की रोजचं ओझं लॅपटॉप, डबा आणि किरकोळ सामान, म्हणजे तीन किलोच्या आत येतं, आणि एक रुपया पण खर्च झालेला नाही, बाटलीची जाळी सोडली तर.

आता कॅरिअर. सायकल उलटी कर किंवा भिंतीला टेकव आणि मागच्या चाकाच्या ॲक्सलजवळ (मधल्या दांड्याजवळ) फ्रेमला बारीक आट्यांची भोकं आहेत का बघ, दोन्ही बाजूंना एकेक, आणि वर सीटच्या खाली फ्रेम जिथे जुळते तिथे अजून दोन. बहुतेक हायब्रिडना असतात, कधीकधी त्यात नुसतेच छोटे स्क्रू बसवलेले असतात त्यामुळे लक्षात येत नाही. भोकं असली तर फ्रेमला चार ठिकाणी बसणारा ॲल्युमिनिअमचा कॅरिअर घे, त्यावर साधारण २५ किलो असं छापलेलं असतं, तुला एवढं लागणार नाही पण म्हणजे तो मजबूत आहे. दुकानात गेलीस की डिस्क ब्रेक आहे हे आधी सांग, आणि शक्यतो सायकलच घेऊन जा, कारण काही सायकलींना ब्रेकचा कॅलिपर (डिस्कला पकडणारा चिमटा) नेमका कॅरिअरच्या पायाला आडवा येतो आणि मग डिस्कसाठीचा वेगळा कॅरिअर नाहीतर मधे स्पेसर, म्हणजे अंतर ठेवणारी छोटी नळी, टाकावा लागतो. सीटच्या दांड्याला क्लँप करून बसणारा कॅरिअर पण मिळतो, तो दुकानदार पटकन पुढे करेल कारण बसवायला दोन मिनिटं लागतात, पण त्याची मर्यादा साधारण १० किलोच्या घरात असते आणि एका बाजूला वजन लावलं की तो हळूहळू फिरतो, म्हणून तो अगदीच नाइलाज असेल तर. बोल्ट बहुतेक एम-५ चे (५ एमएम जाडीचे) असतात, त्यांना ४ एमएमची ॲलन की (षटकोनी पाना) लागते, आठवडाभर चालवून झालं की सगळे एकदा परत आवळून घे, आपल्या स्पीडब्रेकरांवर नवे बोल्ट सैल होतातच.

मडगार्ड पूर्ण लांबीचा घे, तो शेपटीसारखा छोटा प्लॅस्टिकचा नको. पावसात बॅग वरून जेवढी भिजते त्यापेक्षा जास्त घाण मागच्या चाकानी उडवलेल्या पाण्यानी होते, आणि तो चिखल चेनमध्ये गेला ना (बॅगेच्या चेनमध्ये म्हणतेय मी) की रनर खराब झालाच म्हणून समज.

यानंतर बॅग. कॅरिअरच्या बाजूला हुकनी लटकते ती पॅनिअर घे, आणि एकच घे, जोडी नको. दुकानात दोन प्रकार दिसतील. एक म्हणजे गाढवावरच्या पडशीसारखी, कॅरिअरवरून दोन्ही बाजूंना सोडलेली, वेल्क्रोच्या पट्ट्यांनी बांधायची, ही स्वस्त असते आणि भाजी आणायला, लांबच्या राइडला छान आहे, पण रोज ऑफिसखाली उभं राहून पाच-सहा पट्टे सोडायचे आणि संध्याकाळी परत बांधायचे हे तू दोन आठवड्यांच्या वर करणार नाहीस. दुसरी म्हणजे एका बाजूची, वर दोन हुक आणि खाली एक अडकवायची खुंटी, हँडल धरून उचललं की सुटते. ही घे. घेताना खालची खुंटी आहे ना आणि ती मागेपुढे सरकवता येते ना हे बघ, ती नसेल तर खड्ड्यात बॅग बाहेर झुलते आणि वरचे हुक पण निसटू शकतात. हुकांच्या आत प्लॅस्टिकचे छोटे तुकडे असतात, ते कॅरिअरच्या नळीच्या जाडीप्रमाणे बदलायचे असतात, नळी साधारण ८ ते १६ एमएमच्या मधली चालते. तरीही खडखडत असेल तर पंक्चरवाल्याकडून जुन्या ट्यूबचा तुकडा माग आणि नळीवर गुंडाळ, खडखड बंद.

एक गोष्ट दुकानात कोणी सांगत नाही, ती म्हणजे टाच. पेडल मारताना तुझी टाच बॅगेला लागते का हे बघितल्याशिवाय पैसे देऊ नकोस. सीटवर बसून पेडल उलटं फिरवून बघ, बूट घालून. लागत असेल तर बॅग कॅरिअरवर मागे सरकव, तरी लागली तर ती बॅग तुझ्या सायकलसाठी नाहीच, दुसरी बघ, खालून पुढच्या बाजूला तिरकी कापलेली असते तशी.

एकाच बाजूला वजन असलं तर तोल जाईल ही भीती सगळ्यांना वाटते. तीन-चार किलोंनी काही होत नाही, दोन दिवसांत कळायचं पण बंद होतं. मी डावीकडे लावायला सांगेन, कारण आपल्याकडे ट्रॅफिक उजवीकडून अंगावरून जातं आणि सायकलची चेन पण उजवीकडेच, त्यामुळे बॅगेला ग्रीस लागायचा प्रश्न नाही. फक्त स्टँड डावीकडेच असतो, म्हणून आधी बॅग काढ आणि मग सायकल स्टँडवर लाव, नाहीतर सायकल तिकडेच आडवी होईल.

लॅपटॉपचं काय, हादरे बसतील ना, असं तू विचारणारच आहेस. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये फिरणारी हार्ड डिस्क नसते, एसएसडी असते, तिला हादऱ्यांचं फारसं काही नाही. तुझा जुना असेल आणि आत खरी हार्ड डिस्क असेल तर मात्र सायकलवर न्यायच्या आधी शटडाऊन करच, स्लीपवर ठेवू नको (तसंही स्लीपमधला लॅपटॉप बंद बॅगेत मधेच जागा होऊन तापतो, त्यामुळे शटडाऊनची सवय चांगलीच). खरा धोका दाबाचा आणि आपटण्याचा. म्हणून लॅपटॉप जाड स्लीव्हमध्ये, उभा, बॅगेच्या हुकांच्या बाजूला जी कडक पाठ असते तिला टेकवून, त्याच्या खाली तळाशी टॉवेल किंवा टीशर्टची घडी, म्हणजे बॅग जमिनीवर धपकन ठेवली तरी कोपरा आपटत नाही. डबा बाहेरच्या बाजूला, तोही वेगळ्या पिशवीत, आणि रस्सा भाजीच्या दिवशी घट्ट झाकणाचा डबा, हे मी तुला सांगायची गरज नाही. पॅनिअरमध्ये कप्पे फार नसतात, एक मोठं पोतं असतं नुसतं, पण उलट ते बरं, आत दोन-तीन लहान पाउच टाकले की झालं.

आता वॉटरप्रूफ. बॅगेवर वॉटरप्रूफ लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा कापडाबद्दल असतं आणि पाणी कापडातून येतच नाही फारसं, ते येतं चेनमधून आणि शिलाईच्या भोकांमधून. तुझ्या सॅकला रेनकव्हर असेल तरी तुझा चार्जर भिजला असता, कारण कव्हर पाठीच्या बाजूनी उघडं असतं, मानेवरून ओघळलेलं पाणी पट्ट्यांमधून आत जातं आणि खाली कव्हरच्या खोळीत साचून तळ भिजवत बसतं, आणि चार्जर कुठे असतो, तर तळाशी. खरोखर पाणी थांबवते ती ताडपत्रीसारख्या कापडाची, शिवलेली नाही तर उष्णतेनी चिकटवलेली, आणि वरून गुंडाळून बक्कल लावायची रोलटॉप बॅग. तोंड किमान तीन वेळा गुंडाळलं पाहिजे, म्हणून ती गच्च भरायची नाही, वर जागा सोडायची. आणि एक लक्षात ठेव, जी बॅग पाणी आत येऊ देत नाही ती बाहेर पण जाऊ देत नाही, ओला रेनकोट लॅपटॉपसोबत आत टाकलास तर आत वाफ धरते आणि सगळं दमट होतं, तो वर कॅरिअरला पट्ट्यानी बांध. बांधताना लोंबणारी टोकं आत खोच, आणि हुकवाली लवचिक दोरी वापरत असशील तर जरा जपून, ती स्पोकमध्ये गेली की चाक जागच्या जागी जाम होतं. ओढणीचं पण तेच, पण ते तुला ठाऊक असेलच.

रोलटॉप बजेटबाहेर गेली तर साध्या कापडी पॅनिअरच्या आत जाड प्लॅस्टिकची पिशवी अस्तरासारखी लाव, कचऱ्याच्या मोठ्या काळ्या पिशव्या येतात त्यातली जाड किंवा पाच-दहा किलो तांदळाची. तोंडाला पीळ दे आणि दुमडून टाक. ट्रेकवाले हेच करतात आणि त्यांचं सामान कोरडं राहतं, दिसायला काही का असेना, आतलं कोण बघतंय.

कापडाच्या आकड्यांना फार भुलू नकोस. ६०० डी, १००० डी लिहिलेलं असतं, ते डेनिअर, म्हणजे त्या धाग्याचं ९,००० मीटरचं वजन किती ग्रॅम. जास्त आकडा म्हणजे जाड धागा, बास. त्यावरून शिलाई कशी आहे ते कळत नाही आणि बॅगा फाटतात त्या शिलाईत, पट्टा जिथे बॅगेला जोडलाय त्या मुळाशी. तिथे आडवे दाट टाके आहेत ना ते बघ, पट्टा धरून जोरात ओढून बघ, दुकानदार बघत असला तरी. कापडाला आतून जो चकचकीत थर असतो तो बऱ्याचदा पीयूचा (पॉलीयुरेथेनचा) असतो, आपल्या दमट हवेत काही वर्षांनी तो चिकट होतो आणि पापुद्रे पडायला लागतात, माळ्यावरच्या जुन्या बॅगा उघडल्या की हाताला लागतं ना ते. म्हणून पावसाळ्यात बॅग ओली मिटून ठेवायची नाही, उघडी करून पंख्याखाली, कडक उन्हात पण नको.

आता तुझ्या इन्स्टावाल्या बॅगेकडे येते. यूएसबी पोर्ट म्हणजे बॅगेच्या आतून बाहेर काढलेली एक वायर, पॉवरबँक तुझीच, चार्ज पण तूच करायचीस, आणि त्यासाठी बॅगेला भोक पाडलंय ज्यातून पावसाचं पाणी आत जाणार. चेन पाठीच्या बाजूला लपवलेली असते ते बसच्या गर्दीत चांगलं आहे हे मान्य, पण स्वारगेटला किंवा लोकलमध्ये सॅक पुढे पोटावर घेतली की तेच काम होतं आणि ते सगळेच करतात. वर या बॅगा कडक साच्याच्या असतात, रिकाम्या असल्या तरी जड आणि एसटीच्या वरच्या रॅकमध्ये दबत नाहीत. तुला याचा उपयोग नाही.

मेसेंजर बॅग न्यूयॉर्कच्या सायकलवाल्या कुरिअरपोऱ्यांनी गाजवली, त्यांना दर दहा मिनिटांनी पाकीट काढायचं असायचं म्हणून एका खांद्यावरची, पुढे फिरवता येणारी. तुला चढावर उभं राहून पेडल मारायचंय. तेव्हा ती घसरून पोटाशी येते, आणि सगळं वजन एकाच खांद्यावर. मैत्रिणीला म्हणावं दिसते छान, तूच घे.

उरला प्रवास. इथे तुला नवी बॅग घ्यायचीच नाहीये, तुझ्याकडे आहे की, कंपनीची सॅक! तिचा राग तू सायकलमुळे काढतीयेस, एसटीत आणि विमानात तिनी तुझं काय बिघडवलंय? लॅपटॉप सॅक साधारण २५ लिटरच्या असतात, दोन दिवसांचे कपडे त्यात बसतात, साताऱ्याला तर तुझे कपडे घरी असतीलच. लाल एसटीत ती वरच्या रॅकमध्ये जाते, नाहीतर पायाशी, डिकीत टाकायची वेळ येत नाही आणि धुळीनी माखत नाही. विमानात केबिन बॅगला ७ किलो आणि बऱ्याच कंपन्यांत ५५ बाय ३५ बाय २५ सेंटीमीटर अशी मर्यादा असते, सॅक त्यात आरामात बसते, आणि पॅनिअर नेलीस तर मागचे हुक सगळ्यांच्या पायात. फक्त सायकलवरून थेट एअरपोर्टची बॅग भरताना पाउच तपासून घे, मल्टीटूल आणि टायर काढायचे लिव्हर सिक्युरिटीला अडकतात, हवा भरायची सीओटू काडतुसं तर नकोतच. पॉवरबँक मात्र केबिनमध्येच ठेवायची, चेक-इनमध्ये चालत नाही.

सॅकचे पट्टे वगैरे अजून धड असतील आणि नुसती चेन कुरकुरत असेल तर फेकू नकोस. चेन उघडी पडते तेव्हा बहुतेक वेळा दात चांगले असतात आणि रनर झिजलेला असतो, चौकातला बॅग-छत्री दुरुस्तीवाला तो थोड्या पैशात बदलून देतो. अडकत असेल तर मेणबत्ती घास.

पैशाचं म्हणशील तर साधा कॅरिअर, मडगार्ड आणि एका बाजूची साधी पॅनिअर हे ५,००० मध्ये बसवता येतं, दोन-तीन दुकानं फिरलीस तर. त्यात ऑर्टलीबसारखी जर्मन पॅनिअर बसणार नाही. त्या कंपनीचं १९८२ पासून हेच काम आहे, वर्षानुवर्षं टिकतात आणि सुटे भाग मिळतात हे खरं, पण त्यांची मागच्या चाकाची गाजलेली जोडी ४० लिटरची, लॅपटॉप आणि डब्यासाठी एवढं घेऊन काय करणार? उद्या कोकणात सायकलनी जायचं वेड लागलं तर बघू. पॅनिअरला खांद्याचा पट्टा येतो का ते विचार, बाणेरच्या ऑफिसात पार्किंगपासून लिफ्टपर्यंत ती हातात धरून चालणं फार अवघड, आणि चालताना हुकांची बाजू अंगापासून लांब ठेव, कुर्ता अडकतो. पॅनिअरची सॅक होते असे पण प्रकार आहेत, पट्टे एका झाकणाखाली आणि हुक दुसऱ्या. मला ते आवडत नाहीत, जड असतात आणि दोन्ही कामं अर्धवट करतात, पण तुला पार्किंगपासून खूप चालायचं असेल तर एकदा पाठीवर घालून बघ, हुक टोचत नसतील तर घे.

रंग काळा घेऊ नकोस. पिवळी, केशरी, निदान लाल, आणि मागच्या बाजूला चमकणारी पट्टी. आणि बॅगेमुळे मागचा लाइट झाकला जात नाहीये ना हे अंधारात कोणालातरी मागे उभं करून बघ, बऱ्याचदा सीटखाली लावलेला लाइट वर बांधलेल्या रेनकोटमागे जातो, मग तो कॅरिअरच्या मागच्या टोकाला लावावा लागतो, बहुतेक कॅरिअरना त्यासाठी पत्रा असतो.

तर आज संध्याकाळी आधी ती भोकं बघ. नसतील तर मला मागच्या चाकाचा ब्रेकच्या बाजूनी काढलेला फोटो पाठव, काहीतरी जुगाड असतो, क्लँपनी फ्रेमला कॅरिअर बसवता येतो बऱ्याच सायकलींना, पण फ्रेम कार्बनची नाहीये ना तेवढं लिही, कार्बनला क्लँप चालत नाही.